खरवडीचा श्वास

“...आणि डायल कितीवर होता?”

“आधी मध्यावर.”

“आधी. म्हणजे नंतर आणखी कुठे गेला?”

ठाण्याहून वसईपर्यंतच्या रस्त्यात परागने सगळी उत्तरं जुळवून आणली होती. यंत्र नवं होतं. भुलीचा वायू चांगला होता. सशाचं काळीजच मुळात कमकुवत होतं. पण डायलचं उत्तर त्यात नव्हतं.

“वाढवला,” तो म्हणाला.

“का?”

“झोपत नव्हती, बाई. पाय झाडत होती.”

डॉ. ज्युलियाना तुस्कानोंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत न घालता हातातच धरून ठेवला. जनावरांना भूल कशी द्यायची, हे शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. कॉलेज सुटलं, पण जनावरं सुटली नाहीत. आता वाडीच्या कडेला, जिथे पूर्वी पाण्याचा पंप होता, त्या खोलीत त्या बसत. तिथे यायचे ते बाकी सगळीकडून नकार घेऊन आलेले. ससे, गिनीपिग, इग्वाना, रंगीबेरंगी परदेशी पाखरं.

असले जीव विकणारी दुकानं हल्ली चौकाचौकात झाली आहेत. पिंजरा रंगीत, खाद्य रंगीत, विकणाऱ्याची जीभ त्याहून रंगीत. उद्या या जीवाच्या पोटात गाठ झाली तर त्याला भूल कोण देणार, हे मात्र एकही दुकानदार सांगत नाही. आणि एकही गिऱ्हाईक विचारत नाही.

“मग?” बाईंनी विचारलं.

“मग शांत झाली.”

“झोपली?”

“नाही... पापणीला बोट लावलं तर पापणी हलत होती. म्हणून डायल पूर्ण उघडला.”

“आणि?”

“दोन-तीन खोल श्वास घेतले तिने. आणि संपलं. बाई, काळीजच कमकुवत होतं. असतात अशा केसेस. जगभर सशांमध्ये हे प्रमाण...”

“शांत झाली, तेव्हा श्वास चालू होता?”

“असेलच ना.”

“असेलच,” बाई म्हणाल्या. त्याचा शब्द त्यांनी तसाच त्याच्या हातात परत दिला.

डॉ. पराग वैराळे हा एके काळचा त्यांचा पहिल्या बाकावरचा विद्यार्थी. घोडबंदर रस्त्यावर त्याचं काचेचं हॉस्पिटल होतं. दारावर त्याचा स्वतःचा मोठा फोटो, खांद्यावर निळा-पिवळा मकाव पोपट. परदेशात जाऊन तो नवी यंत्रं शिकून आला होता. परिषदांमध्ये बोलायचा. भुलीवरच बोलायचा, ही त्यातली मौज.

मेलेल्या जनावराचं काळीज नेहमी कमकुवतच असतं. ते उघडून बघायला कोण जातो? आणि जनावर काही उठून सांगत नाही.

पडवीतून आवाज आला.

“ओ डॉक्टर! अजून किती वेळ? माझी खरवड उन्हात करपेल इथे. आधीच करपलेली आहे ती!”

या शालनताई पेडणेकर. ठाण्यात त्यांचं दुधाचं केंद्र. शेजाऱ्यांनी पोरांच्या वाढदिवसाला ससे आणले, पोरं कंटाळली, आणि ससे जिन्याखाली आले. शालनताईंनी ते उचलून घरात घेतले. एक पांढरीशुभ्र, तिचं नाव साय. दुसरी तपकिरी, पातेल्याच्या तळाला लागलेल्या दुधासारखी, तिचं नाव खरवड. दोघींच्या गर्भाशयात गाठी झाल्या. सशांच्या माद्यांना वय झालं की होतात तशा.

गेल्या आठवड्यात साय परागच्या टेबलावर गेली.

दुसऱ्या दिवशी शालनताई हॉस्पिटलात आल्या आणि लोकांनी भरलेल्या खोलीत उभ्या राहून म्हणाल्या, “खरवडीला मी तुमच्या दारात आणणार नाही. पण ती मरायला टेकली आहे, तर कुठे नेऊ तेवढं सांगा.”

“माझ्या बाईंकडे नेतो,” पराग म्हणाला होता. म्हणून आज तो स्वतः गाडी चालवत शालनताई आणि खरवड, दोघींना इथे घेऊन आला होता.

“बाई, एवढं एक करा,” तो आता म्हणाला. “वायू तुम्ही द्या. मी कापतो. गाठ काढायला मला वेळ लागणार नाही.”

“पराग, मी दमले आहे.”

“ठाऊक आहे.”

“तुला नाही ठाऊक. काल एक जण परदेशी अजगर घेऊन आला. म्हटलं, काय खातो हा? तर म्हणतो, बाई, ते तुम्हीच सांगा. दोन वर्षं घरात आहे म्हणे.” बाई हसल्या नाहीत. “तू का देत नाहीस वायू?”

“शालनताई देऊ देणार नाहीत.”

“त्यांचं सोड. तू?”

पराग खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर केळीची पानं वाऱ्याने फाटून लोंबत होती.

“माझा डायलवर हात जात नाही, बाई,” तो म्हणाला. “परवा एक कासव आलं, ते दुसरीकडे धाडलं. काल गिनीपिग आला, त्यालाही. यंत्रावर कापड टाकून ठेवलंय. कुत्री-मांजरी आहेत, लशी आहेत... चालेल माझं.”

“चालेल की.”

“मग?”

“मग काही नाही. तुझ्या फोटोतल्या पक्ष्याला कुठे धाडणार, तेवढं ठरव.”

त्याला राग आला. इतक्या लांब तो टोमणे ऐकायला आला नव्हता. पण राग वर येता येता मध्येच कुठेतरी दमून बसला. आठवडाभर तो नीट झोपला नव्हता.

बाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, टेबलाचा आधार घेत.

“चढ,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“टेबलावर. मोठ्या कुत्र्यांना पुरतं, तुला पुरेल. पाय दुमड.”

“बाई, हे काय...”

“चढ, पराग.”

तो चढला. पत्र्याचा गारवा शर्टातून पाठीला लागला. वर कौलं, कौलांतून उन्हाचा एक कवडसा. बाईंनी एक हात त्याच्या छातीवर ठेवला आणि दाबला. म्हातारा हात, पण घोड्यांना धरलेला.

दुसऱ्या हातात मास्क. पाण्याची बाटली कापून केलेला, कडेला रबरी हातमोजा ताणून बसवलेला. कॉलेजात त्यांनीच हा सगळ्यांना करायला शिकवला होता. परागकडे आता परदेशी मास्क होते, प्रत्येक जनावराच्या मापाचे.

मास्क त्याच्या नाका-तोंडावर बसला.

वास आला. जुन्या नळ्यांत मुरलेला, उग्र, गोडसर. आयसोफ्लुरेनचा, भुलीच्या वायूचा. हा वास त्याने शेकडो जिवांना दिला होता. स्वतः कधी घेतला नव्हता.

“बाई, डायल बंद आहे ना?” मास्कच्या आतून त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

उत्तर नाही.

खट्.

त्याच्या डोक्यामागे डायल फिरल्याचा आवाज. त्याने मान वळवून बघायचा प्रयत्न केला. छातीवरचा हात हलला नाही.

त्याने श्वास धरला. धरायचा असं ठरवून नव्हे. धरला गेला.

“शांत झालास,” बाई म्हणाल्या. “छान.”

खट्.

“पण पापणी हलते आहे अजून.”

खट्.

कवडसा डोळ्यांत शिरला. कानांत ढोल वाजू लागले. बाई, थांबा, असं त्याला म्हणायचं होतं. पण म्हणायला श्वास लागतो, आणि श्वास घेतला तर तो वास आत जाणार. छाती जळायला लागली. त्याने टाचा पत्र्यावर आपटल्या...

...आणि मग तोंड आपोआप उघडलं. बुडणाऱ्यासारखा, मोठ्ठा श्वास. मास्कमध्ये जे काही होतं ते सगळं एका दमात तळापर्यंत गेलं.

तो पुन्हा आकसला. डोळे घट्ट मिटले, ओठ घट्ट मिटले. पुन्हा श्वास धरून पडून राहिला.

“मास्क काढलाय, पराग.”

त्याने डोळे उघडले. कापलेली बाटली बाईंच्या हातात होती. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

“नुसता ऑक्सिजन होता,” बाई म्हणाल्या. “औषधाची बाटली रिकामी आहे. आज सकाळी भरायची राहिली.”

तो उठून बसला.

“बाई, मी श्वास धरला होता!”

“हो का?”

“तुम्हाला दिसलं नाही?”

“मला कसं दिसणार?” बाई म्हणाल्या. “मी डायल बघत होते.”

...

पडवीत शालनताई सशाशी काहीतरी बोलत होत्या, लहान मुलाशी बोलावं तसं.

“बिळातला जीव तो,” बाई म्हणाल्या. “बिळात धूर शिरला तर दुसरं काय करणार?”

“मला माहीत होतं, बाई.”

आणि खरंच त्याला माहीत होतं. उग्र वास आला की ससे श्वास रोखतात, आणि तेव्हा डायल वाढवला तर पुढचा पहिला श्वास विषासारखा भिनतो. हे त्याने स्वतःच परिषदेत सांगितलं होतं. मोठ्या पडद्यावर, लाल अक्षरांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“तुला सगळंच माहीत असायचं,” बाई म्हणाल्या. त्या औषधाची बाटली भरायला लागल्या. थेंबही न सांडता, हळूहळू. “मी कापते. वायू तू दे.”

“मी?”

“माझी नजर अधू झाली आहे, पराग. टाके बोटांनी घालता येतात. श्वास बोटांनी बघता येत नाही.”

“आणि शालनताई?”

“बोलाव.”

शालनताई करंडी छातीशी धरून आत आल्या. करंडीवर ओला टॉवेल, टॉवेलखाली खरवड. बाईंनी सरळ सांगून टाकलं: ऑपरेशन मी करणार, भूल हा देणार.

“हे?” शालनताईंनी करंडी मागे घेतली. “ओ बाई, एवढ्या लांब मी काय हिला पण ह्यांच्या हाती सोपवायला आले? एक गेली ह्यांच्या हातून!”

“माझ्या हातून किती गेले, ते विचारा,” बाई म्हणाल्या.

“किती गेले?”

“आकडा नाही सांगता येणार. एकेकाचं तोंड आठवतं, ते सांगते. बसा.”

शालनताई बसल्या नाहीत. बाईंकडे बघत राहिल्या, मग परागकडे. काचेच्या हॉस्पिटलातला तो हा नव्हता. शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले, नाकाभोवती रबराचा लाल वळ उमटलेला.

“मी इथेच थांबणार,” त्या शेवटी म्हणाल्या.

“थांबा. पण बोलायचं नाही.”

“गवळणीला गप्प बसायला सांगताय?”

“सशासाठी.”

“सशासाठी बसते,” शालनताई म्हणाल्या, आणि करंडी टेबलावर ठेवली. सोडताना त्यांचा हात करंडीच्या काठावर जरा जास्तच रेंगाळला.

परागने आधी मांडीत गुंगीची सुई दिली. मग खरवडीला टॉवेलात गुंडाळलं आणि डोळ्यांवर टॉवेलाची घडी ओढली. खिशात फोन थरथरला. हॉस्पिटलातून. त्याने तो बंद केला आणि मास्ककडे हात नेला.

“घाई कुणाला आहे?” बाई हात धुता धुता म्हणाल्या.

हात मागे आला.

ते थांबले. खरवडीचे कान हळूहळू सैल पडले, मान जड झाली. मग मास्क, आणि मास्कमध्ये नुसता ऑक्सिजन. बाटलीच्या आतल्या बाजूवर वाफेचा एक छोटा ठिपका उमटायचा आणि विरायचा. उमटायचा, विरायचा.

परागने डायल किंचित फिरवला.

ठिपका उमटला. विरला.

...उमटला नाही.

खरवड अगदी शांत झाली होती. साय झाली होती तशीच. परागने पापणीला बोट लावलं. पापणी हलली.

हात डायलकडे गेला. सवयीचा हात. त्याच्या नकळत गेला आणि डायलवर जाऊन बसला.

बाई ओले हात वर धरून उभ्या होत्या. शालनताईंनी तोंडावर पदर दाबला होता.

परागने डायलवरचा हात उचलला आणि मास्क काढून घेतला.

वाट बघायची. एवढंच. श्वासाने हलणारी कूस स्थिर होती. बाहेर वाडीत कुणीतरी नारळ पाडत होतं, धप्प, धप्प. इतका वेळ कोणत्याही जनावरासाठी तो असा नुसता उभा राहिला नव्हता. काहीच न करणं इतकं जड असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल, पहिल्या बाकावर ऐकू आलं नसेल.

नाक हललं. कूस वर आली.

मग पुन्हा मास्क. पुन्हा तिने श्वास धरला, पुन्हा त्याने मास्क काढला. पुन्हा वाट. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. आणि मग एकदा ठिपका उमटला, विरला, आणि उमटतच राहिला. संथ, सारखा. पापणीला बोट लावलं तर पापणी स्वस्थ.

“झोपली,” पराग म्हणाला. सांगितल्यासारखं नाही, विचारल्यासारखं.

बाईंनी सुरी उचलली.

म्हातारी बोटं आपलं काम करत गेली. पराग ठिपक्यावर ओणवा झाला होता. मध्येच ठिपका लहान झाला. त्याने डायल मागे घेतला. ठिपका परत मोठा झाला.

“डायल कितीवर आहे?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

त्याला मान वळवून बघावं लागलं. “पावणेदोन.”

“बघत जा तोही.”

“आत्ता तुम्हीच तर...”

“बघायचा नाही, असं मी कधी म्हटलं? बघायचा. पण तिच्यानंतर.”

गाठ बाहेर आली. चिकूएवढी. बाईंनी ती ताटलीत ठेवली, तेव्हा शालनताईंनी मान फिरवली. शेवटचा टाका पडला. परागने वायू बंद केला, नुसता ऑक्सिजन चालू ठेवला, आणि खरवडीला टॉवेलात गुंडाळून जमिनीवर मांडी घालून बसला. भिंतीला टेकून. महागडी पँट, मातीची जमीन.

“किती वेळ धरू?”

“ती खाईपर्यंत,” बाई म्हणाल्या. “ससा खायला लागला की जगला. तोवर हातातून सोडायचा नाही.”

ऊन कौलांवरून उतरलं. मास्क कधीच निघाला होता. खरवडीने आधी एक कान हलवला, मग डोकं उचललं, पाडलं, पुन्हा उचललं. शालनताईंनी पिशवीतून कोथिंबिरीची काडी काढली आणि तिच्या नाकासमोर धरली. बराच वेळ काही झालं नाही. नाक तेवढं हलत राहिलं.

मग करर असा बारीक आवाज झाला. काडी एवढ्याशा तोंडात आत गेली.

“खाल्लं!” शालनताई ओरडल्या. “खाल्लं मेलीने!” आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पदराने पुसलं, नाक ओढलं, आणि परागच्या समोर खाली बसल्या.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या माणसांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. जीव जळत होता, म्हणून. मनावर घेऊ नका.”

“नाही...”

“तुमचा तरी काय दोष? हिला किती जपून भूल दिलीत, ते मी डोळ्यांनी बघितलं. सायीलाही अशीच दिली असणार. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, तिचं काळीजच कमकुवत होतं. मी ऐकून घेतलं नाही. हिचं घट्ट निघालं, तिचं नव्हतं. नशीब एकेकाचं. हो ना?”

खरवडीचा गरम श्वास परागच्या तळहातावर येत होता, जात होता.

नुसती मान हलवायची होती. एवढ्याने भागलं असतं. शालनताई घरी गेल्या असत्या, चार जणींना सांगितलं असतं, डॉक्टर भला माणूस आहे म्हणून. उद्या यंत्रावरचं कापड निघालं असतं.

त्याने बाईंकडे बघितलं. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या, कोपऱ्यातल्या नळाखाली भांडी धूत. त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. वळल्या नाहीत.

परागने छातीभर श्वास घेतला, आणि तो तसाच धरला गेला.

“हो ना, डॉक्टर?” शालनताईंनी पुन्हा विचारलं.

...

“मास्क काढलाय, पराग,” बाई म्हणाल्या.